विश्लेषण : चुकीचे ऐकलेले इंग्रजी वाक्प्रचार शब्दकोशात कसे शिरतात?

ऑफिसच्या ईमेलमध्ये 'फॉर ऑल इंटेन्सिव्ह पर्पजेस' असे लिहिलेले दिसले, तर ती चूक आहे. मूळ वाक्प्रचार 'फॉर ऑल इंटेंट्स अँड पर्पजेस', म्हणजे 'व्यवहारात पाहता'. घाईत बोलताना दोन्ही जवळपास सारखेच ऐकू येतात. मोबाइलमधला स्पेलचेकही अनेकदा गप्प बसतो, कारण 'इंटेन्सिव्ह' हा खराखुरा शब्द आहे.

अशा चुकांना नाव काय?

'एगकॉर्न'. ओकच्या झाडाचे फळ म्हणजे 'एकॉर्न'. एका महिलेने ते 'एग कॉर्न' असे लिहिल्याची चर्चा २००३ मध्ये भाषाशास्त्रज्ञांत झाली आणि जेफ्री पुलम यांनी या प्रकाराला तेच नाव सुचवले. ऐकणारा अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द बसवतो आणि तो अर्थालाही पटतो. फळ अंड्यासारखे दिसते, मग 'एग' का नको? २०१० मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने 'एगकॉर्न'ची नोंद केली.

चुकीलाही नोंद का मिळते?

'होम इन ऑन' म्हणजे लक्ष्याच्या दिशेने नेमके सरकणे. 'होन' म्हणजे धार लावणे. तरीही अनेक जण 'होन इन ऑन' म्हणतात. १९८०च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या प्रचारात थोरल्या जॉर्ज बुश यांनी तसे म्हटले आणि टीका ओढवून घेतली. आज मेरियम-वेबस्टरमध्ये 'होन इन'ची स्वतंत्र नोंद आहे. मात्र लेखनात हा प्रयोग चूक समजला जाण्याची शक्यता आहे, असा इशाराही सोबत आहे.

खरी मेख या इशाऱ्यातच आहे. एखादा प्रयोग छापील मजकुरात वर्षानुवर्षे, वेगवेगळ्या ठिकाणी सापडत राहिला की कोशकार तो नोंदवतात. तो बरोबर असल्याचे ते प्रमाणपत्र नसते. पण नोंदच केली नाही, तर तो प्रयोग वाचून गोंधळलेल्या माणसाने अर्थ शोधायचा कुठे? त्यामुळे इशाऱ्यासह नोंद हाच मार्ग योग्य वाटतो. इंग्रजी शिकणाऱ्यांनी मात्र फक्त अर्थ पाहून न थांबता खालची टीपही वाचावी. नोकरीच्या अर्जात 'होम इन ऑन' लिहिणेच सुरक्षित.

हे आताच घडते आहे का?

अजिबात नाही. 'एप्रन' हा शब्द मुळात 'नॅप्रन' होता. 'अ नॅप्रन'चे ऐकताना 'अ‍ॅन एप्रन' झाले. भारतातले उदाहरण तर थेट कोशाच्या मुखपृष्ठावर आहे. मोहरमच्या मिरवणुकीतली 'या हसन, या हुसेन' ही हाक ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी 'हॉब्सन-जॉब्सन' झाली. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला, तेव्हा त्याला हेच नाव दिले.