पहिली मोटार : नवी की जुनी?



भाताची झोडणी आटोपली, चार पैसे हाती आले, की हल्ली घरातला मुलगा, कधी सूनही, मोटारीची गोष्ट काढते. वसई-पालघरकडच्या मंडळींना दहिसर नाका काही लांब नाही. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून तेथे लहान मोटारींचा टोलही माफ झाला. पलीकडे दहिसर-बोरिवलीत वापरलेल्या गाड्या पुष्कळ विकायला असतात. मग नवीसाठी कर्ज काढावे, की तिकडची जुनी आणावी?

शिकाऊ हाताला मी जुनीच सांगेन. पहिल्या वर्षात गाडी गोठ्याच्या खांबाला, बांधाच्या दगडाला घासणारच. ती कर्जाच्या नव्या गाडीला घासली तर घरात आठवडाभर कोणी कोणाशी बोलत नाही! गावाजवळ भरवशाचा मेकॅनिक नसेल, तर मात्र नवी बरी.

पण जुनी म्हणजे कितीही जुनी नव्हे. एबीएस ब्रेक १ एप्रिल २०१९ पासून मोटारींना सक्तीचे झाले. ब्रेक करकचून दाबला तरी चाके जखडत नाहीत व गाडी वळवता येते. नवशिका घाबरला की ब्रेकवर उभाच राहतो, तेव्हा याचे मोल कळते. चालकापुढची एअरबॅग आणि गाडी मागे घेताना अडथळ्याची सूचना देणारे यंत्र १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले. म्हणून आरसी पुस्तकात गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते वाचावे. त्याआधीची गाडी दहा-वीस हजारांनी स्वस्त मिळाली तरी नवशिक्यासाठी घेऊ नये.

बैल घेताना आपण दात पाहतो, तसे मुंबईच्या गाडीचे पाणी पाहावे. दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून येऊन खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ती काठच्या वस्तीत शिरली होती. मुंबईत सखल भागात आजही पाणी साचते आणि बुडालेली गाडी धुऊनपुसून विकायला येते. सीटचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढावा. आत गाळाची रेघ असली तर उठून यावे. पायाखालचे जाजम उचलून हात फिरवावा, सीटखालचे स्क्रू गंजलेत का पाहावे. आत अत्तराचा घमघमाट असेल तर खाली कुबट वास आहे का, तेही हुंगावे.

कागदांत फॉर्म २९ व ३० वर विकणाऱ्याची सही हवी. कर्ज होते तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय सगळी रक्कम देऊ नये. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यावा. हे राहिले आणि गाडी ठोकली, तर दुरुस्तीचा खर्च आपल्याच खिशातून जातो.

दहिसरहून गाडी घरी आणताना अहमदाबाद महामार्गावर ट्रकांची रांग असते. तेव्हा पक्का परवाना असलेल्या मुरलेल्या हातालाच चालवू द्यावी. शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्यासाठी निदान ३० दिवस थांबावे लागते. तेवढे दिवस कापणी झालेल्या कोरड्या खाचरात क्लच-गिअरचा सराव करावा, शेजारी जाणता माणूस बसवून.