भंगारात टाकण्यापूर्वी

घरातील एखादी वस्तू बंद पडली, की आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते, "टाका भंगारात, नवी आणू." वस्तू जुनी आणि जड असेल, तर कोणी विचारही करत नाही. कपडे धुण्याचे जुने यंत्र हे त्याचे उत्तम उदाहरण. ते जागा अडवते, गंजलेले असते, वाकडेतिकडे झालेले असते. भंगारवाला येतो, तराजूवर त्याचे वजन करतो आणि लोखंडाच्या भावाने ते घेऊन जातो.

पण जगात काही माणसे अशीही आहेत, जी ही यंत्रे भंगारातून परत आणतात. अमेरिकेत आणि युरोपात असे शौकीन बरेच आहेत. पन्नास, सत्तर, कधी शंभर वर्षांपूर्वीची यंत्रे ते शोधून काढतात. कुणाच्या तळघरातून, कुणाच्या गोठ्यातून, कधी लिलावातून. ती उघडतात, साफ करतात, मोडलेला भाग स्वतः घडवतात आणि यंत्र पुन्हा चालू करतात. लोक त्यांना वेडे म्हणतात. मला मात्र वाटते, की या वेडात मोठे शहाणपण आहे, आणि ते आपणही शिकण्यासारखे आहे.

हे शहाणपण समजण्यासाठी आधी कपडे धुण्याचे काम किती कष्टाचे होते, ते आठवावे लागेल. यंत्र नव्हते तेव्हा घरातील बाई विहिरीवरून किंवा नळावरून पाणी आणायची. ते चुलीवर तापवायची. कपडे भिजवायचे, घासायचे, आपटायचे, पुन्हा खळबळायचे आणि दोन्ही हातांनी पिळायचे. ओली चादर पिळताना मनगटे भरून येत. इंग्लंड-अमेरिकेत सोमवार हा कपडे धुण्याचा वार मानला जाई आणि तो सगळा दिवस त्याच कामात जाई. आपल्याकडे तर हे काम रोजचेच होते. आजही लाखो घरांत ते हातानेच होते.

हे कष्ट कमी करण्याचे प्रयत्न एका दिवसात यशस्वी झाले नाहीत. एकोणिसाव्या शतकात लाकडी पिंपाची, हाताने दांडा फिरवण्याची यंत्रे आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना विजेची मोटर जोडली गेली. अमेरिकेच्या आयोवा राज्यात न्यूटन नावाचे छोटे गाव आहे. तेथे १८९३ मध्ये मेटॅग कंपनी सुरू झाली. ती शेतीची अवजारे बनवत असे. शेतीच्या अवजारांना वर्षभर मागणी नसते. हंगाम संपला, की कारखान्याला काम नसे. त्या रिकाम्या दिवसांसाठी कंपनीने १९०७ मध्ये कपडे धुण्याचे पहिले यंत्र बनवले. पुढे हाच तिचा मुख्य धंदा झाला.

त्या काळी अमेरिकेच्या खेड्यांत वीज नव्हती. १९३० नंतरच्या काही वर्षांतही दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. मग मेटॅगने यंत्राखाली पेट्रोलवर चालणारे लहान इंजिन बसवले. पायाने दट्ट्या मारला, की ते सुरू होई. १९२२ मध्ये कंपनीने पिंपाच्या तळाशी पंख बसवले. हे पंख उलटसुलट फिरत आणि साबणाचे पाणी कपड्यांतून जोराने घुसळत. कपडे घासण्याची गरजच उरली नाही. पिंपावर रबराचे दोन रूळ असत. त्यांच्यामधून कपडा सरकवला, की पाणी निघून जाई. १९३७ मध्ये बेंडिक्स कंपनीचे स्वयंचलित यंत्र लोकांसमोर आले. ते स्वतः पाणी भरी, धुई आणि पिळी. पण ते इतके हादरे, की जमिनीला बोल्टने घट्ट बसवावे लागे!

आता कोणी विचारील, हा सर्व इतिहास पुस्तकात वाचला तर चालणार नाही का? त्यासाठी गंजलेली लोखंडे घरात कशाला ठेवायची? या प्रश्नाला ली मॅक्सवेल यांच्या कामाने चांगले उत्तर दिले आहे. ते अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. निवृत्तीनंतर त्यांनी ईटन या गावाजवळ धुलाई यंत्रांचा संग्रह उभा केला. त्यात हजाराहून अधिक यंत्रे जमा झाली. त्यांतील कितीतरी यंत्रे त्यांनी स्वतः दुरुस्त केली. एकेका यंत्रात एकेका कारागिराची कल्पना दिसते. कोणी पिंप पाळण्यासारखे झुलवले, कोणी ते गोल फिरवले, कोणी आत हवेचे पंप बसवले. चित्रात यंत्राचा आकार दिसतो. पण दांडा फिरवायला किती जोर लागतो, ओला कपडा रुळात किती दाबला जातो, हे चालत्या यंत्रापाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. राजांच्या तलवारी आपण संग्रहालयात ठेवतो. मग आयाबहिणींच्या कष्टांची साक्ष देणारी यंत्रे का ठेवू नयेत?

जुने यंत्र दुरुस्त करणे हे धीराचे काम आहे. जाणता कारागीर ते मिळाल्याबरोबर विजेला जोडत नाही. जुन्या तारांवरील रबर आणि कापड सुकून भुसभुशीत झालेले असते. हात लागताच ते गळून पडते. त्यातून विजेचा धक्का बसू शकतो. म्हणून तो आधी सर्व तारा बदलतो आणि जमिनीशी जोडणारी अर्थिंगची तार बसवतो. मग गिअरची पेटी उघडतो. आतले तेल घट्ट गोळा झालेले असते. ते काढून दाते साफ करतो आणि नवे तेल भरतो. जाम झालेला बोल्ट हातोड्याने तोडत नाही. त्यावर तेल सोडतो आणि दोन दिवस वाट पाहतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडाच घासून त्याची धूळ उडवत नाही. बाजारात न मिळणारा भाग तो लेथवर तयार करून घेतो. आणि प्रत्येक भाग काढताना त्याचे चित्र काढून ठेवतो, म्हणजे तो परत कोठे बसवायचा हे विसरत नाही.

या कामावर काही आक्षेप घेतले जातात. ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप पाण्याचा. जुनी स्वयंचलित यंत्रे एका धुण्याला दीडशे लिटरपर्यंत पाणी पीत. आजची चांगली यंत्रे त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात काम करतात. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. रबरी रुळांत मुलांची बोटे, कधी हात सापडत आणि मोठी इजा होई. म्हणून पुढे रूळ झटकन सैल करणारी दांडी बसवावी लागली. तेव्हा प्रत्येक घरात पुन्हा जुनेच यंत्र आणा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

तरीही जुन्या यंत्रांकडून घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली गोष्ट काटकसरीची. रुळांच्या यंत्रात बाया एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे कपडे धूत, मग रंगीत आणि शेवटी शेतातले मळके. पाणी एकदाच तापवायचे आणि तीनदा वापरायचे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही यंत्रे उघडता येत. चार स्क्रू काढले, की मोटर दिसे, पट्टा दिसे, गिअर दिसे. बिघाड कोठे आहे, हे डोळ्यांनी कळे. म्हणून तर ऐंशी वर्षांनंतरही ती चालू होतात.

आजच्या पुष्कळ यंत्रांत मात्र पिंपाचे दोन अर्धे कारखान्यातच कायमचे चिकटवलेले असतात. आतले छोटे बेअरिंग झिजले, तर तेवढेच बदलता येत नाही. सगळे पिंप बदलावे लागते. त्याचा खर्च इतका येतो, की दुकानदार सांगतो, "नवेच घ्या." येथे चूक दुकानदाराची नाही, कारागिराचीही नाही. वस्तू बनवतानाच ती दुरुस्त होऊ नये, अशी बनवलेली आहे. माझा खरा आक्षेप याला आहे. जी वस्तू मी पूर्ण पैसे देऊन विकत घेतली, ती उघडण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्कही माझा असला पाहिजे.

आता जगभर ही मागणी होऊ लागली आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मार्च २०२१ पासून धुलाई यंत्रे बनवणाऱ्यांना मोटर, पंप यांसारखे महत्त्वाचे सुटे भाग किमान दहा वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी ग्राहकांना माहिती देणारी सोय सुरू केली. हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरात २००९ मध्ये मार्टीन पोस्टमा या बाईंनी 'रिपेअर कॅफे' सुरू केला. लोक तेथे बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि जाणत्या माणसांच्या मदतीने स्वतः दुरुस्त करतात. अशी केंद्रे आता अनेक देशांत आहेत.

याची गरज किती आहे, ते एका आकड्यावरून कळेल. २०२२ या एका वर्षात जगात विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा सुमारे ६ कोटी २० लाख टन कचरा झाला. त्यांपैकी एक चतुर्थांशाहून कमी कचरा रीतसर गोळा करून पुन्हा वापरात आणल्याची नोंद आहे. उरलेला कोठे जातो? खड्ड्यांत, नाल्यांत आणि भंगारात हात काळे करणाऱ्या गरीब मुलांच्या फुप्फुसांत.

यंत्रांनी बायकांचे सगळे कष्ट संपवले, असेही समजू नये. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की यंत्रे आल्यावर स्वच्छतेच्या अपेक्षाही वाढल्या. पूर्वी धोब्याकडे जाणारे कपडे घरी धुतले जाऊ लागले. काम सोपे झाले, पण ते पुन्हा आईच्याच वाट्याला आले. उलट स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांनी २०१० मध्ये एका भाषणात आपल्या आईची आठवण सांगितली होती. घरात यंत्र आले आणि आईला वेळ मिळाला. त्या वेळात ती मुलाला ग्रंथालयात नेऊ लागली आणि स्वतः इंग्रजी शिकली. मला वाटते, दोघांचेही म्हणणे खरे आहे. यंत्र वेळ देते. तो वेळ कोणाला मिळावा, हे मात्र घरातील माणसांनी ठरवायचे असते. कपडे यंत्रात घालायला मुलगा असणे जरुरीचे नाही, पण मुलगीच असावी, असाही काही नियम नाही.

जुनी कल्पना किती उपयोगी पडते, याचे एक उदाहरण आपल्या देशाशी जोडलेले आहे. नवज्योत साहनी हे ब्रिटनचे अभियंते काही काळ तमिळनाडूतील एका खेड्यात राहिले होते. शेजारची दिव्या रोज हाताने कपडे धुताना कशी थकते, हे त्यांनी पाहिले. परत गेल्यावर २०१८ मध्ये त्यांनी एक संस्था काढली आणि हाताने फिरवायचे, विजेशिवाय चालणारे यंत्र तयार केले. त्याला नाव दिले 'दिव्या'. इराकमधील निर्वासितांच्या छावण्यांत ते वापरले गेले. दांडा फिरवण्याची शंभर वर्षांपूर्वीची युक्ती अशी पुन्हा कामाला आली. जुनी यंत्रे सगळीच वितळवून टाकली, तर अशा युक्त्या पाहायला कोठे मिळतील?

आणि दुरुस्तीची कला आपल्याला काही परकी नाही. मालेगाव आणि भिवंडी येथील यंत्रमाग पाहा. मोठ्या गिरण्यांनी काढून टाकलेले कितीतरी माग तेथे आले आणि आपल्या कारागिरांनी ते वर्षानुवर्षे चालवले. मागाचा आवाज जरा बदलला, तरी कोणता भाग सैल झाला आहे, हे जुना जॉबर सांगू शकतो. ही विद्या पदवीने मिळत नाही. उस्तादाजवळ बसून ती मिळते. 'दुरुस्ती' हा शब्दच पाहा. फारसीतला 'दुरुस्त' मराठीत आला आणि इथलाच झाला. उर्दूतही तो आहे. कारागीर, हुन्नर, उस्ताद हे शब्दही दोन्ही भाषांनी जपले. शब्द जपले, तसे त्यांच्यामागचे कसबही जपायला हवे.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक जुनी वस्तू ठेवू नका. घर म्हणजे गोदाम नव्हे. पण भंगारात टाकण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. ही वस्तू उघडता येते का? तिचा मोडलेला भाग मिळेल किंवा बनवता येईल का? हे काम जाणणारा कोणी आपल्या गल्लीत आहे का? तिन्ही उत्तरे 'हो' असतील, तर त्या कारागिराकडे जा, त्याचे काम लक्ष देऊन पाहा आणि त्याने मागितलेली मजुरी घासाघीस न करता द्या. त्याचे दुकान बंद झाले, तर पुढच्या वेळी आपल्यापाशी फक्त तराजूवाला उरेल, आणि त्याला वस्तूचे वजन तेवढे कळते.