टाळ आधी, आवाज मागून

सप्ताहातलं काल्याचं कीर्तन होतं. दोन तासांचं रेकॉर्डिंग. एक कॅमेरा, दोन मोबाइल, शिवाय मिक्सरवरून थेट घेतलेला आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. हार्ड डिस्क घेऊन आलेला पोरगा दारातूनच म्हणाला, "भाऊ, कॉम्प्युटरच बदलावा लागतोय बहुतेक. सुरुवातीला सगळं बरोबर आहे, पण शेवटी शेवटी टाळ वाजून जातो आणि आवाज मागून येतो." एका दुकानदाराने त्याला रॅम वाढवायचा सल्ला आधीच देऊन ठेवला होता.

आमच्या धंद्यात काहीही बिघडलं की पहिला आळ मशिनवर येतो. मशिन बिचारं बोलत नाही आणि नवं विकणाऱ्याला ते सोयीचंही पडतं. पण चित्र अडखळणं आणि आवाज घसरणं या दोन निराळ्या तक्रारी आहेत. अडखळण्याचं एक मोठं कारण म्हणजे मोबाइलची फाइल. ती आवळून बांधलेली असते. बहुतेक फ्रेममध्ये पूर्ण चित्र नसतंच, आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच असतं. एक फ्रेम दाखवायला मशिनला अख्खं गाठोडं सोडावं लागतं. त्यावर हलक्या प्रॉक्सी फाइल करून काम करावं, खर्च शून्य. घसरलेला आवाज मात्र कितीही रॅम घातली तरी जागेवर येत नाही.

कीर्तनाचं एक बरं असतं. टाळाचा प्रत्येक ठोका म्हणजे आयता क्लॅप. टाळ भिडलेला डोळ्यांना दिसतो आणि त्याच क्षणी ध्वनीच्या आलेखात टोक वर येतं. मिशाळ वक्त्याच्या ओठांवरून ज्याने कधी सिंक जुळवलं असेल, त्याला या सुखाची किंमत कळेल.

म्हणून मी टाइमलाइनवर कुठेही कात्री न लावता फक्त तीन ठिकाणी पाहिलं: सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. फरक तेवढाच राहतो, वाढत जातो की एका जागी एकदम उडी मारतो, हे आधी बघायचं. पुष्कळ एडिटर इथेच घाई करतात. दर दहा मिनिटांनी आवाज कापून चार फ्रेम मागे-पुढे सरकवतात. ऐकायला बरं लागतं, पण कापलेल्या जागी अभंगाचा ठेका लंगडतो आणि मृदंगवाला तो बरोबर पकडतो. असं ठिगळ लावलेलं काम मी माझ्या नावाने बाहेर जाऊ देत नाही.

मांडवाच्या टोकाला ठेवलेल्या मोबाइलचा फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच होता, दीड फ्रेमच्या आसपास. हा दोष नव्हेच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. १७ मीटरवरच्या मोबाइलला तो ५० मिलिसेकंद उशिरा पोचणार. क्लिप सरकवली की काम झालं. आवाज थोडा मागून आला तर माणसाला तेवढं खुपत नाही, कारण लांबचा आवाज उशिरा येतो हे कानाला जन्मापासून ठाऊक आहे. तो चित्राच्या आधी आला तर मात्र लगेच खटकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही आवाज पुढे असेल तर ४५ मिलिसेकंद आणि मागे असेल तर १२५ मिलिसेकंद झाल्यावर फरक जाणवू लागतो असं धरलेलं आहे.

कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. पहिला तास संपताना चित्र आवाजाच्या साडेतीन सेकंदांहून किंचित जास्त पुढे आणि दुसरा तास संपताना सात सेकंदांच्या वर. हा आकडा बघितला की जुना एडिटर हसतो. तासाला ३.६ सेकंद म्हणजे हजारात एक. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीचं मानक ठरलं, तेव्हा रंगाचा संकेत आणि आवाजाचा संकेत एकमेकांत मिसळून पडद्यावर जाळी दिसू नये म्हणून सेकंदाला ३० फ्रेमचा वेग हजारात एक कमी केला गेला, २९.९७. ते शेपूट अजून आपल्या कॅमेऱ्यांच्या मेन्यूत वळवळतंय. इथे क्लिप २९.९७ची होती आणि कुणीतरी सेटिंगमध्ये तिला सक्तीने ३०ची ठरवलं होतं. ती खूण काढून टाकली आणि दोन तासांचं घोंगडं एका क्लिकमध्ये निस्तरलं. शे-दीडशे कट मारूनही ते झालं नसतं!

खरं म्हणजे आपल्याकडे ३० किंवा २९.९७वर चित्रण करायचं कारणच नाही. आपली वीज ५० हर्ट्‌झची. १९८२च्या एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं तेही सेकंदाला २५ फ्रेमच्या पाल पद्धतीवर. मांडवातल्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की पडद्यावर सरकणारे पट्टे येत नाहीत. हे इतकं साधं आहे, तरी कॅमेरा खोक्यातून काढला त्याच सेटिंगवर लग्नंच्या लग्नं निघतात.

उरला दुसरा मोबाइल. त्याचा फरक कधी वाढायचा, कधी थांबायचा. पोरगा वैतागून म्हणाला, "पण मोबाइलवर तर बरोबर दिसतंय!" दिसणारच. मोबाइल ठरल्या वेगाने फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला, यंत्र तापलं, की कमी फ्रेम घेतो आणि प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ लिहून ठेवतो. दाखवताना ती वेळ पाळतो, म्हणून त्याच्याकडे सगळं जुळतं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर आहेत असं धरून चाललं की चित्र पुढे पळतं. नव्या आवृत्त्या पुष्कळ सांभाळून घेतात, तरी मी विसंबत नाही. मीडियाइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये फाइल उघडायची. फ्रेम रेटपुढे 'व्हेरिएबल' दिसलं, की हँडब्रेकमधून 'कॉन्स्टंट' करून घ्यायची आणि मगच टाइमलाइनवर टाकायची. तासभर मशिन घरघरतं, आपण चहा प्यावा.

रेकॉर्डरचा आवाज तपासला, तो ठीक निघाला. आवाज ४४.१ किलोहर्ट्‌झचा असताना यंत्राने ४८चा समजला, तर काळी एकमधला अभंग पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतो आणि तासाचं कीर्तन पंचावन्न मिनिटांत उरकतं. हल्ली असं क्वचित होतं. पण बुवांचा आवाज अचानक कोवळा वाटला तर तिकडे बघावं.

जाताना पोराला पुढच्या सप्ताहासाठी चार गोष्टी कागदावर लिहून दिल्या. कॅमेरा २५वर, आवाज ४८वर, मोबाइल फ्लाइट मोडवर, कारण मध्येच फोन आला की चित्रण तुटतं. चौथी गोष्ट वाचून तो थबकला. कीर्तन सुरू होण्याआधी सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल असा टाळाचा एक ठोका आणि कीर्तन संपल्यावर रेकॉर्डिंग बंद करण्याआधी तसाच आणखी एक.

"सुरुवातीचा समजला, भाऊ. शेवटचा कशाला?"

दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत, मी सांगितलं. दशलक्षात २०चा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम. पहिल्या ठोक्यावरून कोण किती लांब होता ते कळतं. कोण किती भरभर चालला, ते दुसऱ्या ठोक्याशिवाय कळत नाही.

"मग टाळकऱ्यांना प्रसादाच्या आधी थांबवावं लागेल," तो म्हणाला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.