टपावरचे पापुद्रे
ज्या नाशकात २००२ पासून स्कॉर्पिओ गाडी तयार होते, तेथील रस्त्यांवर टपाचा व बॉनेटचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पापुद्रे धरून सुटलेल्या जुन्या गाड्या पाहिल्या की, सूर्याच्या अतिनील किरणांनी केलेल्या या हानीपायी संपूर्ण गाडी रंगविणे ज्याच्या ऐपतीबाहेर आहे, अशा गृहस्थाने पॉलिशवर नाहक पैसा दवडू नये, असे कळकळीने सांगावेसे वाटते. कारण निस्तेज थर पॉलिशने उजळतो, सुटलेला पुन्हा जडत नाही. खालचा रंग शाबूत असल्यास तेवढाच भाग पॉलिश पेपरने घासून, कडा समतल करून, हार्डनर मिसळलेला नवा थर फवारणे, हीच काटकसरीची रास्त तजवीज होय. त्या फवाऱ्यातील आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांस अपायकारक असल्याने फवारणी मात्र घरी न करता जाणत्या कारागिराकडेच सोपवावी.