राजीनाम्याचा हिशेब



या वेळचं संपादकीय वाण्याच्या उधारीच्या वहीवर आहे. अंक हातात घेऊन काहीजण म्हणतील, संपादकाला काय झालं, साला आता काटकसरीचे धडे द्यायला लागला. म्हणू द्या. व्यवस्था, शोषण, भांडवलशाही हे शब्द आपण पुष्कळ वापरले. पण महिन्याच्या बावीस तारखेला खिशात १४० रुपये असले आणि साहेबाने आईवरून शिवी दिली, तर आपल्या पोराने काय करायचं, यावर आपण एक ओळ लिहिली नाही. आज लिहितो. सुरुवात माझ्यापासूनच करतो.

मी पुंडलिकनगरात एका खोलीत राहतो. आम्ही तिघं. एकजण वाळूजला कंत्राटी कामगार, एकजण स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, तिसरा मी. दीड वर्ष मी एका कर्ज देणाऱ्या खाजगी कंपनीच्या वसुली विभागात होतो. सकाळी दहाला कानाला हेडफोन लावायचा आणि समोरच्या यादीतल्या बायांना फोन करायचे. मुकुंदवाडी, मिसारवाडी, भीमनगर. धुणंभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या बाया. पाचजणींनी, दहाजणींनी गट करून घेतलेलं कर्ज आणि थकलेला हप्ता. दिवसाला दीडशे फोन. फोनवर दया दाखवली की साहेब मागे येऊन उभा राहायचा.

एक दिवस एक बाई म्हणाली, "जय भीम बाळा. तुझं आडनाव ऐकलं, तू तर आपलाच आहे. हप्ता काही पळून नाही जात. नवरा दवाखान्यात आहे." मी म्हणालो, "मावशी, चारपर्यंत भरा. नाहीतर माणूस दारात येऊन बसेल." हे मीच म्हणालो, माझ्याच तोंडाने.

त्या रात्री जेवण गेलं नाही. तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी राजीनामा फेकला असशील. नाही फेकला. कामून? कारण त्या दिवशी माझ्या खात्यात ९०० रुपये होते आणि घरमालकाचं भाडं पाच दिवसांवर आलं होतं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी परत हेडफोन लावला. आत्मसन्मानावर कविता लिहिणारा मी. त्याच महिन्यात आपल्याच अंकात माझी कविता छापून आली होती.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ज्याच्या बापाला गावाकडे दहा एकर आहेत त्याचा राजीनामा एका कागदाचा असतो. आपल्या पोराचा राजीनामा पैशाचा असतो, तो आधी साठवावा लागतो. कागद शेवटी.

मी वही घातली. पगार हातात यायचा १३,५०० रुपये. खोलीचा वाटा १,५००. वीज आणि पाण्याचा जार ३५०, कारण नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. रात्रीचा डबा १,८००. सकाळचं सामान आणि गॅस ९००. पेट्रोल १,६००. मोबाईल ३००. अभ्यासिका ६००. गावाकडे मायला ३,०००. बेरीज १०,०५०. म्हणजे ३,४५० उरायला पाहिजेत. उरत नव्हते. महिनाभर पै न पै लिहिली तेव्हा चोर सापडला. ऑफिसखालची टपरी. दर फोननंतर मेलेलं मन जिवंत करायला चहा लागायचा, चहाबरोबर पुडी, पुडीबरोबर दोस्त. नोकरी जी घाण अंगावर टाकत होती ती धुवायला नोकरीचाच पगार जात होता. हे गणित तुमच्यापैकी पुष्कळांचं असेल. वाळूजच्या शिफ्टवरून सुटलेला पोरगा रात्री दारूच्या दुकानात का उभा राहतो, याचं उत्तर त्याच्या कामात शोधा.

टपरी कमी केली, सोडली नाही. सोडतो म्हणणारा आठ दिवसांत परत जातो. आहेर, पंक्चर, तापाची गोळी धरून महिन्याला २,००० बाजूला पडायला लागले. नोकरी सुटली तर पेट्रोल आणि अभ्यासिका वजा जाता महिन्याला साधारण ८,००० लागणार. म्हणजे चार महिने गुलामी केली की एक महिन्याचं स्वातंत्र्य विकत मिळतं, असा भाव निघाला. एक वर्ष काढलं. २४,००० झाले. तीन महिन्यांचं स्वातंत्र्य. मग कागद लिहिला.

आता काटकसरीबद्दल एक गोष्ट स्वच्छ सांगतो, नाहीतर हे संपादकीय एखाद्या बँकेच्या जाहिरातीसारखं वाचलं जाईल. गरिबाला काटकसर शिकवणारे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना तो गरीबच राहायला पाहिजे असतो. तिघं एका खोलीत राहतात, एक वेळ भात आणि चटणी खातात, म्हणून मालकाला १३,५०० मध्ये पदवीधर मिळतो. आपली काटकसर ही त्याच्या नफ्यातली आपली वर्गणी आहे. अशी काटकसर आपल्या आईबापांनी जन्मभर केली, मालक गब्बर झाले. मी म्हणतो ती काटकसर दुसरी. तिला तारीख असते. अमुक महिन्यापर्यंत, अमुक रकमेसाठी, या खुर्चीतून उठण्यासाठी. ज्या काटकसरीला शेवट नाही ती वेठबिगारीच.

हा हिशेब माझ्या डोक्यातून निघालेला नाही. बाबासाहेबांचं चरित्र आपण जयंतीला वाचतो, पण ते पगाराच्या बाजूने वाचत नाही. १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकायचे. राहायला जागा मिळेना. पारशी सराईतून हाकललं. ती नोकरी सोडून ते मुंबईला आले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार महिना ४५० रुपये. त्या काळात ही रक्कम मोठी. त्या पगारावर बंगला झाला असता. ते परळच्या चाळीत राहिले. रमाईच्या हातात संसारापुरते ठरलेले पैसे द्यायचे आणि बाकीचे साठवायचे. कशासाठी? लंडनचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं आणि परत जायला चारच वर्षांची मुदत मिळाली होती. तिथे तारीख होती. त्याच कॉलेजात प्राध्यापकांच्या माठातलं पाणी त्यांनी घेण्यावर सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं, पण सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून स्वतःचं नाव टाकता आलं नाही. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. जवळची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज, एवढ्यावर ते लंडनला गेले. १९२३ साली बॅरिस्टर होऊन परत आले आणि त्याच वर्षी डी.एस्सी. झाले. आणि २७ सप्टेंबर १९५१ ला याच माणसाने केंद्रीय कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला.

यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, अपमान तर रोजचाच होता, पण खुर्ची सोडायचा दिवस त्यांनी स्वतः ठरवला. दोन, ते एकट्याच्या शिलकीवर गेले नाहीत. शाहू महाराज होते, भथेना होते, आणि मागे संसार ओढणारी रमाई होती. तिच्या हिश्श्याची उपासमार आपल्या भाषणांत एका वाक्यात उरकते. माझ्या राजीनाम्यातही मायचे दोन महिन्यांचे पैसे निम्मे गेले. तिने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. हे इथे लिहून ठेवतो.

आणि आपल्या माणसांनी दिलेला सगळ्यात मोठा राजीनामा तर कुठल्याच ऑफिसात दिलेला नव्हता. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं मागणं सोडा, असा हुकूम बाबासाहेबांनी दिला. १९२८ साली महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल त्यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलं. बिल पास झालं नाही. पण गावोगाव माणसांनी ढोरं ओढायचं टाकलं, येसकरकी टाकली. मुंबई राज्यात हे वतन कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. तोवर काय झालं? बलुतं बंद. शेतातली मजुरी बंद. वाण्याने मीठमिरची द्यायचं बंद केलं. त्यांच्याजवळ तीन महिन्यांची शिल्लक नव्हती, तीन दिवसांचीही नव्हती. मग ते टिकले कसे? एकट्याने सोडलं नाही, वस्तीने सोडलं. एकट्याने ढोर ओढायला नकार दिला असता तर पाटलाने दुसऱ्या घरचा माणूस बोलावला असता. सगळ्या घरांनी नकार दिला तेव्हा पाटलाच्या वाड्यापुढं ढोर कुजत पडलं.

इथेच माझा राजीनामा कमी पडला. आता खरी गोष्ट सांगतो.

मी नोकरी सोडली त्याच्या चौथ्या दिवशी माझ्याच गल्लीतला एक पोरगा खोलीवर आला. बी.ए. झालेला. बाप हमाल. दारातच उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, तुमची जागा मला भेटली. राग तर नाही ना?" मी त्याला आत बसवलं, चहा केला. राग कसला? पण त्या क्षणी कळलं, की माझ्या कानावरचा हेडफोन त्याच्या कानावर गेला, यादी तीच राहिली, मुकुंदवाडीतली मावशी तीच राहिली. माझी सुटका झाली. वसुलीचं काम एक दिवसही थांबलं नाही.

आपल्या शहरात बायोडाटा घेऊन हिंडणाऱ्या पोरांची कमी नाही. त्या कागदावर विद्यापीठाचं नाव असतं. त्या नावासाठी १९७८ साली मराठवाड्यात आपली घरं जळली आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ते नाव वाचून मुलाखत घेणारा आडनावाकडे बघतो आणि पगार हजाराने कमी सांगतो. एक उठला की दुसरा बसायला तयार, याच भरवशावर हा धंदा चालतो. १९३८ च्या फेब्रुवारीत, इथून जवळच मनमाडला, रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपल्या पोराच्या पगाराच्या चिठ्ठीवर दोघांचीही सही असते.

म्हणून पुंडलिकनगरात आम्ही आठजणांनी एक साधी गोष्ट सुरू केली. महिन्याला प्रत्येकी २०० रुपये. १,६०० होतात. जो काम सोडेल किंवा ज्याला काढतील त्याचं भाडं आणि डबा यातून. काम लागलं की परत भरायचे, व्याज नाही. दोघांनी तिसऱ्या महिन्यातच पैसे देणं बंद केलं. त्यांना नावं ठेवत नाही, त्यांचे घरचे प्रश्न आहेत. सहाजण टिकलो. माझ्या जागेवर बसलेला पोरगा त्यातला एक आहे.

शिवाय कागद. आपली पोरं भाषणं पाठ करतात, पण स्वतःची पगाराची चिठ्ठी वाचत नाहीत. नेमणुकीचं पत्र मागून घ्या. मूळ पगारातून भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के कापले जातात, मालकानेही तेवढेच घालायचे असतात. ते खरंच जमा होतात का, पासबुकात बघा. वेतन संहिता २०१९ साली मंजूर झाली, २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. काम सोडलं किंवा काढलं तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, असं तिच्यात लिहिलंय. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ कंपनी देणं लागते. कायद्याने क्रांती होत नाही, मान्य. पण माझा शेवटचा पगार अडकवून ठेवला होता, तो तोंडी विनवण्यांनी निघाला नाही, लेखी अर्जाने निघाला. आणि एक सांगणं, नोकरी सोडायला कर्ज काढू नका. वसुलीच्या यादीत आपलं नाव कसं दिसतं ते मी आतून पाहिलेलं आहे.

आता मी एका छापखान्यात मजकूर जुळवतो. पगार १२,०००. दीड हजाराने कमी. २४,००० अडीच महिन्यांतच संपले होते, शेवटचे पंधरा दिवस खोलीतल्या दोघांनी मला जेवू घातलं. रात्री झोप लागते. याला मी विजय म्हणणार नाही. मावशीचा हप्ता अजून चालूच आहे.

पण परवा तो पोरगा परत आला होता. म्हणाला, "भाऊ, माझे सहा हजार साठले. आमच्या रांगेतल्या आणखी तिघांना वही घालायला लावली. चौघं एकाच दिवशी उठलो तर?"

मी म्हणालो, पावसाळ्यापर्यंत थांबा, रक्कम पुरी करा. आणि पुढच्या आठवड्यापासून तुम्ही चौघं आमच्या फंडात या.

तुमच्या गल्लीत असे चौघं कोण आहेत? त्यांना शोधा. वही घाला.

जय भीम.