चकतीची शस्त्रक्रिया : निर्णय कशावरून?

दोन मणक्यांमधील चकती, म्हणजे रुग्णांच्या बोलण्यातील ‘गादी’, तिचे बाहेरचे तंतुमय कडे फाटून आतील मऊ गर बाहेर येतो आणि पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाला दाबतो, तेव्हा कंबरेपासून पावलापर्यंत जाणारी सायटिकाची कळ उठते. या दुखण्याचा आणि चकतीचा संबंध बॉस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये मांडला आणि शस्त्रक्रियेचा मार्ग खुला झाला; तो कोणासाठी व केव्हा धरावा, हा प्रश्न मात्र आजही प्रत्येक रुग्णागणिक नव्याने सोडवावा लागतो.

लघवी अडणे, जांघांच्या आतील बाजूस व गुदद्वाराभोवती बधिरता येणे (कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर, म्हणजे कॉडा इक्विनावर, दाब आल्याची लक्षणे), किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, अशा वेळी वाट पाहणे हा अपराधच ठरेल. इतरांच्या बाबतीत मात्र केवळ एमआरआयच्या अहवालावरून शस्त्रक्रिया सुचवणे समर्थनीय नाही, कारण २०१५ च्या एका व्यापक आढाव्यानुसार कोणतीही वेदना नसलेल्या विशीतील सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतील सुमारे ८४ टक्के व्यक्तींतही चकतीचा फुगवटा दिसतो. पायाची कळ, तपासणीतील दोष आणि चित्रातील दाब हे तिन्ही एकाच मुळाकडे बोट दाखवत नसतील, तर शस्त्रक्रियेचा लाभ संशयास्पद राहतो. केवळ कंबरदुखीसाठी तर तो अधिकच.

नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया नेमून दिलेल्या गटाला आराम निश्चितच लवकर पडला, परंतु वर्षाअखेरीस दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते; थांबण्यास सांगितलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही लपवू नये. म्हणजे निवड मुख्यतः वेळेची आहे, आणि वेळेची किंमत सर्वांना सारखी नसते. नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या हमालाची मजुरी त्याच्या पाठीवर अवलंबून असते. त्याला लवकर उभे राहण्याची निकड असू शकते, पण शस्त्रक्रियेनंतरही चकती पुन्हा सरकू शकते, ही गोष्ट त्याला आधीच कळली पाहिजे. नाशिकमधील अस्थिशल्यचिकित्सक, मज्जाशल्यचिकित्सक आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांनी हे आकडे रुग्णाला मराठीत, त्याच्या कामाचा हिशेब विचारून सांगावेत, आणि तातडीची लक्षणे नसतील तर संमतिपत्र त्याच भेटीत पुढे करू नये.