मोहाच्या फुलाचा उतारा

पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्याचा उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला की सभा गाजतात. त्याच कारखान्याच्या मळीपासून दारू होते; तिला आपण महसूल म्हणतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात चैत्रातल्या पहाटे बायकापोरे मोहाची फुले वेचतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. पण तिच्या उताऱ्याबद्दल कोणी शब्द काढला, की तो गुन्हेगार!

बिअर करणाऱ्याला धान्याला मोड आणावे लागतात, ते भरडून सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवावे लागते. तेव्हा कुठे पिठाची साखर होते. मोहफुलाला यातले काही लागत नाही. साखर तयारच आहे. ती पाण्यात उतरवायची एवढेच. एक किलो साखरेतून फार तर अर्धा किलो मद्यार्क निघेल. त्यापुढे ब्रह्मदेवाचाही इलाज नाही. मग उतारा गळतो कुठे? फूल ओलसर साठवले, की साखर पोत्यातच आंबून जाते. माती आणि राख चिकटली, की सडव्यात नको ते जंतू शिरतात. पाणी कमी पडले, तर साखर चोथ्यातच राहते. सडवा उघडा आणि उन्हात राहिला, तर त्याची आंब होते. उपायही साधेच आहेत: जाळीवर झेललेले स्वच्छ फूल, कडक ऊन, पुरेसे पाणी, चोथ्याला दुसरे धुणे, झाकलेले भांडे आणि सबुरी.

आणि सबुरी हीच चोरट्या भट्टीला परवडत नाही. छापा कधी पडेल याचा नेम नसतो. म्हणून सडव्यात काळा गूळ पडतो, मुठीने नवसागर पडतो, आणि वर बढाई, की उतारा वाढला! अहो, वाढला तो गुळाचा उतारा, फुलाचा नव्हे. नवसागर किण्वाला थोडे नत्र देतो. साखरेचा कणही देत नाही.

यावर कोणी विचारील, की गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती लोकांनी, विशेषतः बायकांनी, लढून मिळवली. ज्यांनी नवऱ्याचा मार खाल्ला त्यांच्यापुढे ही उताऱ्याची भाषा कोणत्या तोंडाने करता? प्रश्न रास्त आहे, आणि त्या बायकांपुढे माझी मान खालीच आहे. म्हणूनच निर्णय त्यांच्याच हाती असावा असे मी म्हणतो. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला मानला आहे. ग्रामसभा ‘नको’ म्हणाली, तर थेंबही नको. ‘हो’ म्हणाली, तर जे होईल ते उजेडात व्हावे आणि निर्मळ व्हावे. चंद्रपुरात बंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. दोन्ही वेळा निर्णय मुंबईत झाला. मोहाखाली वाकणाऱ्या बाईला कोणी विचारले?

आणि दारू नकोच असेल, तरी फुलाचा पाक आणि लाडू यांनाही हीच स्वच्छता, हेच वाळवण लागते. साखरेच्या उताऱ्याचे ज्ञान उसाला शोभते, मग ते मोहाला का शोभू नये? बंदी घालायचीच तर ती घाणीवर घाला, ज्ञानावर नको.